पेजेचा रंग

शेडकार्डावर पांढरेच मोजले तर साठ निघाले असते.
हा मोती, दुकानदार म्हणाला, हा हस्तिदंत, हा चांदणं.
मी म्हटलं, पेजेचा दाखवा.
तापातून उठलेल्याला देतात ती पेज, तूप न घातलेली.
तो हसला
आणि नेमका तोच काढून दिला.

नऊ बाय दहाची खोली, घणसोलीत, तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीत पारसिकच्या डोंगराचा
खाणीने खाल्लेला गाल.

शांत खोली करायची म्हणजे काहीतरी आणावं लागेल
असं वाटलं होतं.
तीन रविवार नुसतं बाहेर काढत बसलो.
शेखरचं व्यायामाचं बाकडं, ज्यावर टॉवेल वाळायचे.
एक चाक नसलेली सायकल.
माझ्या रुखवतातला कापसाचा बंगला, काचेच्या पेटीसकट,
ज्यात गेली बारा वर्षं कुणी राहायला आलं नाही.

भिंतीवरचे डायनोसोर मी उलथन्याने खरवडले.
कैवल्य सुपली धरून खाली उभा.
टी-रेक्सचं शेपूट पडलं तेव्हा ओठ मुडपले त्याने,
मग विचारलं, ताई किती दिवस राहणार?
दोन वर्षं, शेखर म्हणाला.
तो बोटांवर काहीतरी करू लागला
आणि थांबला.
दोन मिळवायचे की वजा करायचे,
ते आम्हालाही सांगता येईना.

पलंग दोन. एकावर एक नकोत, सुताराला सांगितलं,
वर कोण, खाली कोण,
हा प्रश्नच नको या घरात.
खुंट्या दोन, एक जरा खाली.
मधे एक फळी,
तिच्यावर काही ठेवायचं नाही, असं मीच मला बजावलेलं.

पडद्यांसाठी स्वरूपाताईंची साडी कापावी,
मनात आलं होतं.
मऊ, निळी, माझ्याकडे राहिलेली.
कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली.
कुणाच्या आईला खिडकीत टांगू नये.
मांजरपाट आणला मग, बिनकिनारीचा.

मैथिली आली चिपळूणहून, एका बॅगेनिशी.
त्याच रात्री आईचं मस्कतचं विमान.
दारात उभं राहून तिने खोली बघितली,
पलंग, खुंट्या, फळी, पुन्हा पलंग.
छान आहे, मामी, म्हणाली,
दवाखान्यासारखी.

मला लागलं ते.
भांडी जरा जोरात घासली मी त्या रात्री.
उशिरा कधीतरी, दिवा बंद केल्यावर, उजाडलं डोक्यात
की तिची आई नर्स.
शाळा सुटल्यावर ही पोर
वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसूनच गृहपाठ करायची.

बॅगेची चेन महिनाभर बंदच होती.
कपडे काढायची, घालायची, पुन्हा आत.
मी कप्पा रिकामा आहे असं दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा नाही.
कैवल्य आपली गाडी फळीवर ठेवायचा
आणि झोपायच्या आधी उचलून न्यायचा.
का, ते त्याचं त्याला.

काल चादरी बदलताना पलंग सरकवला.
पेजेच्या रंगावर पेन्सिलीच्या रेघा.
चार उभ्या, त्यांच्यावर एक आडवी, पुन्हा चार,
पट्टीने मारल्यासारख्या.
एक्केचाळीस.
दुसऱ्या पलंगामागेही होत्या.
त्या वाकड्या, काही दोनदा गिरवलेल्या,
एका रेघेला चक्क शेपूट.
त्रेचाळीस.

दोन जास्त.
घाई झालीय त्याला, पण कशाची,
तिची आई यायची, की भिंत परत मिळायची,
विचारलं नाही मी.

अर्धा लिटर रंग उरलाय.
झाकण हातोडीने ठोकून डबा माळ्यावर टाकला, मागे, पार मागे.
पलंग परत लावले भिंतीशी,
बोटभर जागा सोडून,
पेन्सिल जाईल एवढी.